हे लोक राहतात कुठे?

डॉक्टर आर्लो हाउगेन हे भले गृहस्थ होते, हे आधीच सांगून टाकतो. पुढे ते सांगायला सोयीची जागा मिळेल असं वाटत नाही.

आमच्या ऑल्डन ग्रोव्हमध्ये आणि आसपासच्या मळ्यांवर जनावरांचे डॉक्टर म्हणून त्यांनी उभं आयुष्य काढलं. आयोवाच्या हाडं गोठवणाऱ्या थंडीत, खांद्यापर्यंत हात गाईच्या पोटात घालून त्यांनी जितकी वासरं या जगात आणली, तितकी माणसंही आमच्या गावात नाहीत. शेवटी तो खांदाच कुरकुरला. नोव्हेंबरात एका आडदांड गाईने त्यांना गोठ्याच्या भिंतीशी दाबलं आणि खांदा निखळला. तेव्हा त्यांची मुलगी बेरिट शहरातला आपला दवाखाना सोडून घरी आली. तीही जनावरांचीच डॉक्टर. पण शहरात तिच्याकडे यायची ती लठ्ठ मांजरं आणि उदास कुत्री. तिने बापाचा रबरी एप्रन चढवला, बापाची गाडी काढली आणि सगळा हिवाळा गोठ्यागोठ्यांतून काढला.

आणि लोक काहीच बोलले नाहीत.

इथे आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. आमच्याकडे तोंडावर कौतुक करत नाहीत. बायकोने सुरेख जेवण केलं तर नवरा दुसऱ्यांदा वाढून घेतो, बोलत नाही. फारच भारावला तर ‘वाईट नाही’ म्हणतो, आणि मग आठवडाभर जरा अवघडल्यासारखा वागतो. तेव्हा काही न बोलणं म्हणजे सगळं ठीक, हे इथलं शेंबडं पोरही जाणतं. डॉक्टर हाउगेनही जाणत होते. स्वतःच्या बाबतीत.

फेब्रुवारीतल्या त्या सोमवारी सकाळी हाउगेनांच्या स्वयंपाकघरात तिघं नाश्त्याला बसली होती. बाहेर कुंपणाचे खांब बर्फात कमरेपर्यंत बुडाले होते.

“ऑरेगॉनवाल्यांना उद्या सकाळी उत्तर द्यायचंय,” बेरिट म्हणाली.

“चांगली नोकरी आहे,” डॉक्टर म्हणाले.

“आहेच चांगली. मी ते विचारत नाहीये, बाबा. तुम्ही आपला दवाखाना त्या नेब्रास्काच्या डॉक्टर केम्परला देणार, हे पक्कं?”

“अजून सह्या झाल्या नाहीत.”

“मग मला का नाही?”

डॉक्टरांनी टोस्टला लोणी लावायला घेतलं. ते आधीच लावलेलं होतं.

“माझं काही नाही गं,” ते म्हणाले. “मला विचारशील तर तू आजपासून कर. पण लोक... शेतकरी जुन्या वळणाचे आहेत. अडलेली गाय असली की त्यांना पुरुष डॉक्टर लागतो. आता ते वाईट आहेत असं नाही. पण लोकांचं असं असतं.”

“कुणी म्हटलं तुम्हाला तसं?”

“तोंडावर कोण म्हणेल?”

त्यांची बायको लोइस कॉफी ओतत होती. तिने किटली जरा जोरातच खाली ठेवली. “कुणी काही म्हणालेलं नाही, आणि तरी तुला ऐकू आलं. कान तपासून घे, आर्लो. खांद्याबरोबर तेही निखळले असतील.”

बेरिट उठली. दाराशी तिने निळ्या रंगाचे फलक गोळा केले. त्यांवर ‘टिस्डेल’ असं लिहिलेलं होतं.

“संध्याकाळी कॉकसला येताय ना? कुठल्या कोपऱ्यात उभे राहणार?”

“बघू,” डॉक्टर म्हणाले.

बेरिट काय ते समजली. बाप ‘बघू’ म्हणाला की त्याने बघून झालेलं असतं, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं.

कॉकस म्हणजे आमच्या पक्षाची निवड-सभा. राष्ट्राध्यक्षपदासाठी पक्षाने कुणाला उभं करायचं, याची सुरुवात आमच्या राज्यात होते, आणि ती पेटीत चिठ्ठी टाकून होत नाही. गावचे मतदार शाळेच्या बास्केटबॉल हॉलमध्ये जमतात आणि ज्याला जो उमेदवार हवा त्याच्या कोपऱ्यात जाऊन उभे राहतात. उघड. शेजाऱ्यांदेखत. ज्या कोपऱ्यात हॉलमधल्या माणसांच्या पंधरा टक्केही माणसं जमत नाहीत, तो कोपरा मोडतो. तत्पूर्वी अर्धा तास मिळतो. त्यात कुणीही कुणालाही आपल्या कोपऱ्यात ओढून न्यावं, पटवावं, खायला घालावं. सगळा देश टीव्हीवरून आमच्याकडे बघत असतो, आणि आम्ही एकमेकांकडे बघत असतो. दुसऱ्या बघण्याचा परिणाम जास्त होतो.

त्या वर्षी दोन नावं चर्चेत होती. एक सिनेटर लॅथम. उंच, रुबाबदार, भरपूर पांढरे केस. ते आमच्या गावात तीनदा आले आणि ते काय बोलले हे कुणालाही आठवत नसे. ते चांगलं बोलले, एवढं आठवत असे. दुसऱ्या गव्हर्नर टिस्डेल. ही बाई शरद ऋतूत वाचनालयाच्या तळघरात येऊन बोलून गेली होती. आमच्या जिल्ह्याच्या इस्पितळातला बाळंतपणाचा विभाग बंद पडला होता. त्यावर ती म्हणाली होती, “तुमच्याकडे गाय अडली तर डॉक्टर दारात येतो. बाई अडली तर तिला तासभर गाडी हाकत दुसऱ्या जिल्ह्यात जावं लागतं. मला गाईबद्दल आनंद आहे.” तळघरात पहिली टाळी डॉक्टर हाउगेनांनी वाजवली होती. बेरिटने ते पाहिलं होतं. त्याच दिवशी ती टिस्डेलबाईंच्या कामाला लागली.

दुपारी डॉक्टर नेहमीप्रमाणे कॅफेत गेले. त्यांच्या टेबलावर मर्ल डाइकस्ट्रा बसला होता. मर्लचा दुधाचा मोठा धंदा, आणि त्याहून मोठी टोपी. समोर दोघांचं नेहमीचं जेवण आलं. मांस-राजम्याची तिखट चिली आणि तिच्यात बुडवायला दालचिनीचा गोड रोल. बाहेरगावचे पत्रकार हे खाणं बघून आमच्याबद्दल लेख लिहितात.

“काय ठरवलंस?” मर्लने विचारलं.

“तू?”

“मी आधी विचारलं.”

“बाई चांगली आहे,” डॉक्टर म्हणाले.

“चांगली? अरे, इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी आपल्याबद्दल बोललं. माझी सून त्या रस्त्यावर गाडीत बाळंत होता होता राहिली.” मर्लने रोल बुडवला. “पण निवडून येणार नाही रे. मला बाई चालेल. लोकांना चालायला नको?”

“तेच तर.”

“लोक म्हणतात, बाई राष्ट्राध्यक्ष? मी नाही म्हणत. लोक म्हणतात.”

“मत वाया घालवण्यात काय अर्थ आहे?”

“लॅथम कसा सुरक्षित आहे.”

“काय म्हणतो तो?”

मर्लने आठवून पाहिलं. “केस चांगले आहेत,” तो म्हणाला.

“हे लोक कोण रे?”

हा प्रश्न मागच्या टेबलावरून आला. तिथे अल्विना पॉस्पिसिलबाई बसल्या होत्या. ऐंशी ओलांडलेल्या, काठी टेकून चालणाऱ्या, आणि गावातल्या अर्ध्याअधिक लोकांना शाळेत इतिहास शिकवलेल्या. आमच्या कॉकसच्या अध्यक्ष त्याच. दोघंही पुरुष नकळत ताठ बसले.

“कोण लोक, बाई?” मर्ल म्हणाला.

“तेच मी विचारतेय. ज्यांना बाई चालत नाही ते. राहतात कुठे?”

“इथले नाहीत हो,” मर्ल घाईने म्हणाला. “इथले समजूतदार आहेत. ते नदीपलीकडे, बर्गेनला वगैरे. तिकडचे लोक फार जुने.”

“मागच्या आठवड्यात बहिणीकडे बर्गेनलाच होते मी. तिकडेही टिस्डेल सगळ्यांना आवडते. पण म्हणाले, ती निवडून येणार नाही, ऑल्डन ग्रोव्हचे लोक फार जुन्या वळणाचे आहेत.” बाईंनी काठी उचलली. “मधे नदी आहे. नदीत राहत असतील. चिली गार होतेय तुमची, खा.”

दोघं हसले. हसून झाल्यावर दोघांनीही चिलीवर माना खाली घातल्या आणि विषय हवामानावर नेला. नागरिकहो, माणसाला शरम वाटायला वेळ लागतो. पहिल्यांदा ती आली की हसू आलंय असं वाटतं.

संध्याकाळी हॉल भरला. ओले बूट, फुगलेले कोट, वाफ धरलेले चष्मे. लांब टेबलावर कॅसरोल, हॅमची सँडविचेस, चॉकलेटचे तुकडे आणि हिरव्या जेलीत अडकलेली गाजरं. पॉस्पिसिलबाई स्टेजपुढच्या खुर्चीवर बसल्या. त्यांनी काठी जमिनीवर दोनदा आपटली आणि शे-सव्वाशे प्रौढ माणसं चौथीच्या वर्गासारखी चिडीचूप झाली.

“लॅथम, पूर्वेकडच्या बास्केटच्या जाळीखाली. टिस्डेल, स्टेजच्या पडद्याजवळ. ज्यांचं ठरलं नाही त्यांनी पाण्याच्या नळाशी. धक्काबुक्की नको. ऑर्व्हिल, घड्याळाचा ठराव शेवटी. दर वेळेसारखा.”

ऑर्व्हिल नावाच्या आमच्या एका गृहस्थांना वर्षातून दोनदा घड्याळं पुढेमागे करणं मान्य नाही. सभेच्या शेवटी कोणालाही पक्षापुढे ठराव मांडता येतो, आणि ऑर्व्हिल तो दर कॉकसला मांडतात. त्यांनी खिन्नपणे मान हलवली.

माणसं हलू लागली. लोइस हाउगेन सरळ पडद्याजवळ गेली, कोटही न काढता. डॉक्टर हॉलच्या मध्यावर जरा रेंगाळले. त्यांनी मर्लकडे पाहिलं. मर्लने त्यांच्याकडे पाहिलं. मग दोघंही, वाऱ्याने ढकलल्यासारखे, पूर्वेकडच्या जाळीखाली जाऊन पोहोचले. तिथे खूप गर्दी होती आणि कुणीच कुणाशी बोलत नव्हतं. अंत्ययात्रेला लवकर पोहोचलेल्या माणसांसारखे सगळे आपापले बूट बघत उभे होते. त्यांच्यात उत्साहाने टाळ्या वाजवणारे एकच गृहस्थ होते. ते लॅथम यांच्या प्रचारासाठी व्हर्जिनियाहून आले होते आणि त्यांना इथे मत नव्हतं.

पडद्याजवळ बेरिट एका बाकावर चढली.

“मी भाषण करत नाही,” ती म्हणाली. “सगळे मला ओळखता. टिस्डेलबाई इथे आल्या तेव्हा तुम्ही टाळ्या वाजवल्यात. मी बघत होते. आता फक्त टाळ्या वाजवल्यात तिथून इथवर चालत या. एवढंच.”

कोणी आलं नाही. मोजणी झाली. टिस्डेल यांचा कोपरा पंधरा टक्क्यांना थोडा कमी पडत होता. अगदी थोडा. कॅफेतल्या एका टेबलाची माणसं उठून आली असती तरी भागलं असतं.

“अर्धा तास,” पॉस्पिसिलबाई म्हणाल्या. “बोला एकमेकांशी. कशासाठी आलाय?”

बेरिट हॉल ओलांडून जाळीखाली आली. तिने दोघा-तिघांशी बोलून पाहिलं. “मुली, मला ती पसंत आहे गं,” प्रत्येक जण म्हणाला, आणि प्रत्येकाने ‘पण’ म्हटलं. मग ती आपल्या वडिलांसमोर येऊन उभी राहिली. शेजारी मर्ल सँडविच खात होता.

“बाबा, तुम्हाला बाई आवडते?”

“आवडते.”

“मग इथे का उभे आहात?”

“अगं, मला आवडून काय उपयोग? लोक देणार नाहीत मत. हे राजकारण आहे, बेरिट. सावधपणे खेळावं लागतं.”

“आणि मी?”

“तुझं काय?”

“माझं काम. हिवाळाभर केलं ते. आवडलं तुम्हाला?”

“हा तो विषय नाही.”

“तोच विषय आहे. मी सकाळपासून एकाच विषयावर बोलतेय.”

डॉक्टरांनी आजूबाजूला पाहिलं. माणसं न ऐकल्यासारखी ऐकत होती. “काम उत्तम होतं,” ते हळूच म्हणाले. “पण शेतकऱ्यांना नाही ना चालत. माझा काय इलाज आहे?”

मर्लचा घास तोंडात तसाच राहिला.

“कुठल्या शेतकऱ्यांना?” त्याने विचारलं.

“तू कशाला मधे पडतोस?”

“नाही, सांग ना. कुठल्या?” मर्लने सँडविच खाली ठेवलं. “म्हणजे आमच्यामुळे तू तिला ठेवत नाहीयेस?”

“तुम्ही कोणी काही बोलला नाहीत...”

“आम्ही कधी काही बोलतो? तुझ्याबद्दल कधी बोललो?” मर्लचा आवाज आता हॉलभर ऐकू येत होता. “डिसेंबरात माझी कालवड अडली होती, वासरू उलटं. मी म्हटलं गेली. तुझ्या पोरीने गोठ्याच्या फरशीवर आडवं पडून ते वासरू फिरवलं. दोन्ही जगली. मी घरी जाऊन बायकोला म्हटलं, आता आर्लो निवांत झाला, वारस आहे. आणि मग कळलं, तू नेब्रास्काचा कोणीतरी आणतोयस. मग आम्हाला वाटलं...”



“काय वाटलं?” बेरिटने विचारलं.

मर्लने टोपी काढली. हे त्याने चर्चबाहेर कधी केल्याचं कोणाला आठवत नव्हतं. “वाटलं, बापच ठेवत नाही म्हणजे पोरीत काहीतरी कमी असेल. जे आपल्याला दिसत नाही ते त्याला दिसत असेल. तो डॉक्टर आहे. म्हणून आम्ही पुढे काही विचारलं नाही, पोरी. माफ कर.”

 बेरिटचा चेहरा भाजल्यासारखा लाल झाला होता. आपण नसताना आपल्याबद्दल अख्ख्या भागात काय समजलं जात होतं, हे तिला आत्ता, ओल्या बुटांच्या वासात, सँडविचच्या टेबलाशेजारी कळत होतं.

डॉक्टर हाउगेन तिच्याकडे बघू शकले नाहीत. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, तर तिथून लोइस बघत होती. नळाकडे पाहिलं, तर तिथली न ठरलेली माणसंही बघत होती. आता खरं तर हॉल ओलांडायचा होता. काही पावलांचं काम. पण पहिलं कोण निघणार? डॉक्टरांनी मर्लकडे पाहिलं, मर्लने डॉक्टरांकडे. जाळीखालची सगळी माणसं एकमेकांकडे बघू लागली. हा निघाला तर मी निघेन, असं प्रत्येकाच्या तोंडावर स्पष्ट लिहिलेलं होतं, आणि त्यामुळे कोणीच निघालं नाही.

काठी आपटली.

“वेळ संपली!”

टिस्डेल यांचा कोपरा मोडला. बेरिटने निळे फलक गोळा केले आणि भिंतीला पाठ लावून उभी राहिली. तिची काही माणसं नळाकडे गेली, काही कोट चढवू लागली. लोइस कुठेच गेली नाही. ती मोडलेल्या कोपऱ्यात एकटी उभी राहिली. नियमात ते बसत नव्हतं, पण तिला हलायला सांगायची कोणाची छाती झाली नाही.

“कोट काढा,” पॉस्पिसिलबाई म्हणाल्या. “मला एक विचारायचंय. इतिवृत्तात लिहायचं नाही. जाळीखालच्यांनो, लॅथम मनापासून आवडतो म्हणून तिथे कोण उभं आहे? हात वर.”

व्हर्जिनियाच्या गृहस्थांनी हात वर केला. एकाने केला, मग कान खाजवून खाली घेतला.

“बरं. बाई आवडते, पण लोक मत देणार नाहीत, म्हणून तिथे कोण आहे?”

 मग मर्लचा हात वर गेला. टोपी अजून त्याच हातात होती. मग दुसरा. मग मागून तीन-चार. मग जाळीखाली हातच हात झाले, आणि प्रत्येक जण हात वर ठेवून बाकीच्यांचे हात बघत राहिला.

“अस्सं!” बाई म्हणाल्या. “म्हणजे ते लोक आलेत तर. किती वर्षं मी ऐकतेय यांच्याबद्दल. मी शाळेत मुख्याध्यापक व्हायला अर्ज केला तेव्हा मंडळातला प्रत्येक जण म्हणाला होता, आमचं काही नाही हो बाई, पण लोकांना आवडणार नाही. तेव्हापासून शोधतेय मी त्यांना. नदीपलीकडे शोधलं, आणि हे बसलेत इथे, माझी सँडविचेस खात!”

कुणी हसलं नाही.

“अरे, मी शिकवलंय तुम्हाला. वाईट मुलं नव्हतात तुम्ही. एखादा समोर येऊन म्हणाला असता, मला बाई नको, तर मी त्याच्याशी भांडले असते. त्याच्याशी भांडता येतं, त्याला पटवता येतं. पण तुम्ही नको म्हणायचं काम भलत्यावर सोपवता आणि स्वतः चांगले राहता. आता जो माणूस इथे नाहीच, त्याच्याशी या पोरीने भांडायचं कसं?”

त्यांनी काठी गुडघ्यांवर आडवी ठेवली. “हात खाली घ्या. दुखतील. आता ठराव. ऑर्व्हिल...”

“मला ठराव मांडायचाय,” डॉक्टर हाउगेन म्हणाले.

ऑर्व्हिल उभे राहिले होते. ते हवालदिल होऊन बघू लागले.

“विषय?” बाईंनी विचारलं.

“माझी मुलगी.”

“हा विषय पक्षाच्या धोरणात बसतो का?” ऑर्व्हिल म्हणाले.

“बसतो. तूही बस,” बाई म्हणाल्या.

डॉक्टर हॉलच्या मध्यावर आले. मघाशी जिथे रेंगाळले होते तिथेच. निखळलेल्या खांद्याचा हात त्यांनी दुसऱ्या हाताने धरला होता.

“मला बोलता येत नाही,” ते म्हणाले. “गाईंशी बोलायची सवय. तुम्ही माझ्या कामाबद्दल आयुष्यभर गप्प राहिलात, आणि मी समजत आलो, ठीक चाललंय. नोव्हेंबरपासून तुम्ही तिच्या कामाबद्दल गप्प होतात. तेच गोठे, तीच शांतता. आणि मी समजलो, लोकांना नको आहे. का बरं तसं समजलो?” त्यांनी दुखरा खांदा सावरला. “लोकांनी तोंड उघडलं नव्हतं. मलाच ती नको होती. नाही, तसंही नाही. मी घाबरलो होतो. उद्या तिच्या हातून एखादं वासरू दगावलं तर म्हणाल, म्हाताऱ्याने लाडाने पोरीला बसवलं. माझ्या हातून किती दगावली, ते कोणी मोजलं नाही. माझं नाव राहावं म्हणून मी तिचं घालवलं. आणि वर तिला सांगितलं, माझं काही नाही, लोकांचं आहे!”

त्यांनी मुलीकडे पाहिलं. या वेळी मान खाली न घालता.

“ठराव असा की... मला ठराव करता येत नाही. मला लाज वाटते. एवढाच ठराव आहे.”

“अनुमोदक?” पॉस्पिसिलबाईंनी विचारलं.

“मी,” मर्ल म्हणाला. मग सगळ्यांसमोर, घसा साफ करून, तो बेरिटकडे वळला. “त्या कालवडीचं काम... वाईट नव्हतं.”

हॉलभर एक सुस्कारा उमटला. डाइकस्ट्रा घराण्यात लग्नातही कोणी इतकं बोललेलं नव्हतं.

बेरिट भिंतीपासून पुढे आली. तिने वडिलांना मिठी मारली असेल, असं तुम्हाला वाटत असणार. तिने मारली नाही.

“बाबा, हे तुम्ही मला सकाळी स्वयंपाकघरात सांगू शकला असतात,” ती म्हणाली. “तिघंच होतो आपण. मला इतकीच माणसं पुरली असती.”

एवढं बोलून ती गाडीत जाऊन बसली. डॉक्टर मध्यावर तसेच उभे राहिले. मग लोइस आपल्या मोडलेल्या कोपऱ्यातून आली आणि त्यांच्या शेजारी उभी राहिली, काही न बोलता. ऑर्व्हिल यांनी त्या वर्षी आपला ठराव मांडला नाही. घड्याळं अजून पुढेमागे होतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी नेब्रास्काला फोन केला आणि सांगितलं, दवाखाना द्यायचा नाही. कारण विचारल्यावर ‘लोकांचं असं आहे की’ अशी त्यांनी सुरुवात केली, ती तिथेच सोडली आणि म्हणाले, “मला द्यायचा नाही.” बेरिट दाराशी बूट चढवत ऐकत होती.

“ऑरेगॉनला काय कळवलंस?” त्यांनी विचारलं.

“आणखी आठवडाभर मागून घेतला.”

“कशासाठी?”

“बघू, लोक काय म्हणतात.”

डॉक्टरांनी तो वार निमूटपणे घेतला.

“एक अट आहे,” ती म्हणाली. “आठवडाभर माझ्याबरोबर गाडीत यायचं. प्रत्येक मळ्यावर उतरायचं आणि तुमच्या तोंडाने सांगायचं, की माझ्यात काही कमी होतं म्हणून तुम्ही मला दवाखाना द्यायचे थांबला नव्हतात. हॉलमध्ये जे नव्हते त्यांनाही. जितक्या घरी समज पसरलाय तितक्या घरी.”

“प्रत्येक मळ्यावर?”

“तुम्हाला रस्ते माहीत आहेत.”

तर तो आठवडा आमच्या भागाने पाहिला. मुलगी गाडी चालवतेय, आणि बाप प्रत्येक गोठ्याशी उतरून, हातात टोपी घेऊन, शेणामुताच्या वाफेत उभा राहून तेच तेच सांगतोय. पहिल्या मळ्यावर त्यांना ते वाक्य पुरं करता आलं नाही. दुसऱ्यावर घाम फुटला, त्या थंडीत. शेतकरी खाली बघत ऐकून घेत आणि म्हणत, “असू दे, डॉक्टर.” एका म्हाताऱ्या विधवेने मात्र विचारलं, “मुलगा असता तर थांबला असतास का रे?” डॉक्टर उत्तर न देता गाडीत येऊन बसले, पुढच्या वळणापर्यंत गेले, आणि मग बेरिटला गाडी मागे फिरवायला सांगितली. परत उतरून ते म्हणाले, “नसतो थांबलो.” बेरिट सांगते, त्या वेळी तिने ऑरेगॉनचा विचार सोडला. सांगितलं मात्र आठवड्याच्या शेवटीच. बाप फुकट सुटू नये म्हणून.

टिस्डेलबाई आमच्या राज्यात हरल्या आणि त्यांनी माघार घेतली. सुरक्षित म्हणून निवडलेले लॅथम पुढे नोव्हेंबरात पडले. का पडले, तर म्हणे लोकांमध्ये त्यांच्याबद्दल उत्साह नव्हता. आमच्या जिल्ह्यात बाळंतपणाला आजही तासभर गाडी हाकावी लागते. डॉक्टर बेरिट हाउगेन यांच्यामुळे गाईंचं मात्र उत्तम चाललंय. आम्हाला गाईंबद्दल आनंद आहे.

तेव्हा नागरिकहो, एवढं लक्षात ठेवा. एखाद्याला नाकारायचं असेल तर स्वतःच्या नावाने नाकारा. निदान त्याला तुमच्याशी भांडता येईल. आणि ‘माझं काही नाही, पण लोक’ हे शब्द पुन्हा ओठांवर आले, की जरा थांबा, आणि त्या लोकांपैकी एकाचं तरी नाव आठवून बघा. आठवलं नाही, तर तिथे आपलं घाला. बहुतेक वेळा ते बरोबर निघतं.